मेलेली म्हैस क्लोनिंग करून परत मिळेल का? आणि मग माणसाचं क्लोनिंग का करत नाहीत?

तुमचा प्रश्न असाय की घरची मुऱ्हा म्हैस, एका वेळेला अकरा-बारा लिटर देणारी, मागच्या महिन्यात गेली, तर क्लोनिंग करून तशीच म्हैस परत मिळेल का, आणि जनावरांचं होतंय तर माणसाचं का होत नाही, की चीनमध्ये गुपचूप चालू आहे. मी गुरांचा डॉक्टर आहे. कृत्रिम रेतन, भ्रूण प्रत्यारोपण यातच बरीच वर्षं गेली, क्लोनिंग मी स्वतः केलेलं नाही पण त्याच्या अलीकडची बहुतेक कामं हाताखालून गेलीयत, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी म्हशीचं. नाही मिळणार. महिना झाला, पुरली असेल तर तिच्या अंगातली एकही पेशी आता जिवंत नाही आणि क्लोनिंगला जिवंत पेशीच लागते, नुसता डीएनए असून भागत नाही. मेल्यावर लगेच, अंग सडायच्या आत कुणी कानाचा किंवा शेपटीचा नखाएवढा तुकडा काढून बर्फावर लॅबमध्ये पोचवला असता, तिथे त्याच्या पेशी वाढवून लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवल्या असत्या, तर निदान बोलण्यासारखं काही होतं. वळूच्या बाबतीत जरा बरं असतं कारण त्याच्या वीर्याच्या कांड्या वर्षानुवर्षं कॅनमध्ये पडून असतात आणि वीर्यात शुक्राणूंबरोबर थोड्या देहपेशीही आलेल्या असतात, हरियाणात करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतल्या लोकांनी अशा गोठवलेल्या वीर्यातून देहपेशी वेगळ्या काढून मेलेल्या वळूचे क्लोन भ्रूण बनवून दाखवलेत. म्हशीची कांडी नसते, तिचं सगळं तिच्याबरोबर गेलं.

आता हे करतात कसं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा चांगलं-वाईटचा भाग हवेत राहतो. अंगातल्या प्रत्येक पेशीला जनुकांची सगळी पोथी पाठ असते पण कातडीची पेशी आयुष्यभर एकच अध्याय वाचत बसलेली असते, तिला पुन्हा पहिल्या पानावर आणायचं हे क्लोनिंगचं खरं काम, आणि ते काम आपण करत नाही, अंडं करतं. करनालला म्हशींसाठी जी पद्धत बसवली ती तर जवळजवळ हातकाम आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून सुईने अंडी खेचायची, इनक्युबेटरमध्ये साधारण दिवसभर पिकवायची, मग एन्झाइममध्ये बुडवून वरचं कवच विरघळवायचं. कवच गेलं की जिथे अंड्याचं स्वतःचं जनुकीय सामान असतं तिथे बारीकसा फुगवटा दिसतो, मायक्रोस्कोपखाली बघत बघत हातातल्या बारीक ब्लेडने तेवढाच भाग कापून टाकायचा. अशी दोन रिकामी अंडी घ्यायची, त्यांच्यात एक देहपेशी चिकटवायची आणि विजेचा हलका झटका देऊन तिघांना एक करायचं. मग रसायनाने जागं करायचं. सात-आठ दिवसांत भ्रूण तयार झालं तर माजाचा मेळ बसणाऱ्या दुसऱ्या म्हशीच्या पिशवीत सोडायचं, हा शेवटचा भाग म्हंजे आमचं नेहमीचं काम, गन भरायची, हात घालायचा, ज्या बाजूच्या अंडाशयावर पिवळा पुंजका लागला पिशवीच्या त्याच बाजूच्या फाट्यात (आम्ही त्याला शिंग म्हणतो) सोडायचं. ऐकायला सोपंय. म्हैस पुन्हा माजावर आली की तोंड पाडून घरी.

आकडे बघा म्हंजे कळेल. डॉली मेंढी सगळ्यांना माहितीय, ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडमधल्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मली, इयान विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांचं काम, सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून बनवलेली. प्रौढ जनावराच्या पेशीपासून झालेलं हे पहिलं सस्तन पिल्लू, बेडकांमध्ये जॉन गर्डनने पेशीचं केंद्रक बदलायचा हा खेळ तीसेक वर्षं आधीच जमवला होता, त्याला २०१२ मध्ये नोबेल मिळालं. पण डॉलीच्या मागे २७७ जुळवलेली अंडी होती. त्यातून २९ भ्रूणं टिकली, ती १३ मेंढ्यांच्या पोटात घातली, आणि जिवंत कोकरू एक.

पेपरात त्या एका कोकराचा फोटो येतो. मी कायम त्या १३ पोटांचा विचार करतो, आणि क्लोनिंग बरं की वाईट असं कुणी विचारलं की माझा पहिला उलटप्रश्न हाच असतो की किती पोटं लागली आणि ती कुणाची होती. बाकी देव, निसर्ग, आत्मा हे सगळं त्याच्यानंतर.

हे का म्हणतोय ते सांगतो. क्लोन गर्भांत, आणि लॅबमध्ये वाढवलेल्या साध्या भ्रूणांतही कमी प्रमाणात, एक प्रकार दिसतो की वासरू अवाच्या सवा मोठं होतं. पोथी पहिल्या पानावर नीट आलेली नसते, कुठली जनुकं चालू कुठली बंद याचा घोळ राहतो, गर्भाला पोसणारी वार नीट बनत नाही, पाणी जास्त साठतं, दिवस भरून गेले तरी गाय विण्याचं नाव घेत नाही. अडलेली गाय ज्याने कधी सोडवलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. रात्री गोठ्यात बल्ब धरायला एक माणूस, तुम्ही खांद्यापर्यंत हात घालून वासराच्या पुढच्या पायांना दोरी बांधताय, डोकं मागे वळलेलं, गाय कण्हतेय, तिची कळ आली की तुमचाच हात हाडात चेपून बधिर होतो, आणि मालक सारखा विचारतोय डॉक्टर गाय तरी वाचेल ना. एवढं करून बाहेर आलेलं थोराड वासरू धापा टाकून तासाभरात मान टाकतं. एक जमेपर्यंत असे प्रसंग ज्या गाई-म्हशींच्या वाट्याला येतात त्यांची नावं कुणी ठेवत नाही.

करनालचंच घ्या. फेब्रुवारी २००९ ला समरूपा नावाची क्लोन रेडी जन्मली, काही दिवसांतच न्यूमोनियाने गेली. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा झाली, ती दोन वर्षांची होऊन हृदय बंद पडून गेली. मग ऑगस्ट २०१० मध्ये गरिमा-२ आली, ती भ्रूणाच्या स्टेम सेलपासून, म्हंजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशीपासून केलेली, ती मात्र नीट वाढली, माजावर आली, साध्या रेतनाने गाभण राहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये तिला महिमा नावाची रेडी झाली. म्हंजे क्लोन वांझ असतं वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते चूक. हिसारच्या म्हैस संशोधन संस्थेत डिसेंबर २०१५ मध्ये हिसार गौरव नावाचा मुऱ्हा रेडा झाला, एका नावाजलेल्या वळूचा क्लोन. आणि मार्च २०२३ मध्ये करनालला गंगा, गीर गाईची क्लोन कालवड, जन्मताना ३२ किलो. तिच्यात पेशी गीरच्या शेपटीची, अंडं साहिवालचं आणि पोट संकरित गाईचं.

क्लोन लवकर म्हातारं होतं हीपण एक पक्की समजूत आहे. डॉली साडेसहा वर्षांची असताना फेब्रुवारी २००३ मध्ये गेली तेव्हापासूनची. तिला सांधेदुखी होती हे खरं, पण शेवटी तिला झोपवावं लागलं ते फुफ्फुसातल्या गाठीमुळे, आणि ती गाठ मेंढ्यांमध्ये एका विषाणूने होते, क्लोन नसलेल्या मेंढ्यांनाही होते. पुढे त्याच कासेच्या पेशींपासून आणखी चार मेंढ्या बनवल्या, त्या म्हातारपणापर्यंत ठणठणीत होत्या, २०१६ मध्ये त्यांची सगळी तपासणी छापून आलीय. म्हंजे जे वाचतं ते पुष्कळदा बरं वाचतं. मरतं ते आधीच, पोटात नाहीतर पहिल्या आठवड्यात.

बरं, समजा तुमच्या म्हशीची पेशी ठेवलेली असती, सगळं जमलं असतं आणि रेडी झाली असती. ती तुमची म्हैस असती का? जुळ्या बहिणी कशा असतात तशी असती, फक्त एक दहा वर्षं उशिरा जन्मलेली. थोडा डीएनए तर वेगळाच असता, मायटोकॉन्ड्रियातला, म्हंजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या कणांतला, तो अंडं देणाऱ्या म्हशीचा येतो. आणि दुधाचं म्हणाल तर दोन म्हशींच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्सा आनुवंशिक, बाकी चारा, पाणी, गोठा, आजार, धार काढणाऱ्याचा हात. तुमची म्हैस अकरा-बारा लिटर द्यायची त्यात तुमच्या घरच्यांचा वाटा मोठा होता, तो क्लोन होत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ ला पहिली क्लोन मांजर झाली, सीसी नावाची. जिची पेशी घेतली ती तिरंगी होती, पांढरा काळा केशरी, आणि सीसी पांढऱ्यावर राखाडी-तपकिरी पट्ट्यांची निघाली, केशरी ठिपकासुद्धा नाही, कारण मांजरीत काळा-केशरी रंग ज्या एक्स गुणसूत्रावर बसतो त्याची एक प्रत प्रत्येक पेशीत कशीही बंद होते आणि क्लोन करताना ती पुसली गेली नाही. गंमत म्हंजे सीसी अठरा वर्षं मजेत जगली. पण मेलेली मांजर परत आणतो म्हणणाऱ्यांनी तिचा फोटो एकदा बघावा.

इथे कुत्र्या-मांजरांचं जरा बोलतोच. आपल्याकडून पण लोक विचारतात की अमेरिकेत ५० हजार डॉलर दिले की कुत्र्याचा क्लोन मिळतो म्हणे. मिळतो. पहिला क्लोन कुत्रा स्नपी, २००५, सोलच्या विद्यापीठात. एक हजारावर भ्रूणं, १२३ कुत्र्या, तीन गाभण राहिल्या, दोन पिल्लं झाली, त्यातलं एक तीन आठवड्यांत गेलं. आता प्रमाण सुधारलंय पण प्रत्येक ऑर्डरमागे अजूनही अनोळखी कुत्र्यांना हार्मोन, ऑपरेशन, अंडी काढणं, भ्रूण सोडणं हे सगळं आहेच, आणि तेही एका अशा पिल्लासाठी जे मालकाला ओळखत नसतं. आपल्या गल्लीत रोज चार पिल्लं थंडीत कुडकुडत असताना. हे मला पटत नाही, सरळ सांगतो. अर्जेंटिनात पोलोवाल्यांनी क्वार्तेतेरा नावाच्या घोडीचे इतके क्लोन केले की २०१६ मध्ये तिथल्या मोठ्या स्पर्धेत आदोल्फो काम्बियासो नावाचा खेळाडू तिच्या सहा क्लोनवर बसून खेळला आणि जिंकला. कौतुक वाटतं, पण श्रीमंतांचा छंद तो, त्याला शास्त्राची प्रगती म्हणू नका.

वळूचं मात्र मी वेगळं धरतो. एक सिद्ध वळू हजारो कांड्या देतो, त्याच्या लेकी गावोगाव दूध देतात, असा वळू गेला आणि त्याचा क्लोन उभा केला तर थोड्या म्हशींच्या त्रासातून खूप घरांना फायदा होतो, हा हिशोब मला समजतो, जरी उलटा धोका असला तरी, की सगळीकडे एकच रक्त पसरतं. आपल्या जळगावच्या केळीवाल्यांना विचारा, टिश्यू कल्चरची सगळी रोपं म्हंजे क्लोनच, एका बागेत रोग शिरला की शेजारची वेगळी निघेल ही आशाच नसते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हंजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, जानेवारी २००८ मध्ये क्लोन गाई, डुकरं, शेळ्यांचं दूध-मांस खायला सुरक्षित म्हणून सांगितलं, युरोपियन पार्लमेंटने २०१५ मध्ये शेतीच्या जनावरांचं क्लोनिंग बंद करा म्हणून मत दिलं. यात मी युरोपच्या जवळ आहे, दूध वाईट असतं म्हणून नाही, पोटांमुळेच.

आणि नामशेष होणारे प्राणी. आपल्या सह्याद्रीत असतो तो गवा, त्याच्या आठ वर्षांपूर्वी मेलेल्या एका नराच्या गोठवलेल्या पेशीपासून जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या साध्या गाईच्या पोटी पाडस झालं, नोहा नाव ठेवलं, दोन दिवसांत हगवणीने गेलं. स्पेनमध्ये बुकार्डो नावाची डोंगरी बकरी २००० मध्ये संपली, २००३ मध्ये तिचा क्लोन जन्मला आणि फुफ्फुस खराब म्हणून काही मिनिटांत गेला, म्हंजे ती जात दोनदा संपली. पण काळ्या पायांचं फेरेट, अमेरिकेतला मुंगसाएवढा प्राणी, तिथे हे खरंच कामाला आलं. आज आहेत ती सगळी फेरेटं सात जनावरांची वंशज, आणि १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने गोठवून ठेवल्या होत्या, तिच्यापासून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन केला, आणि नंतरच्या एका क्लोन मादीला २०२४ मध्ये पिल्लंही झाली. हरवलेलं रक्त परत कळपात आलं. इथे माझा विरोध नाही, उलट आपल्याकडे पण अशा पेशी जपून ठेवायला हव्यात.

आता माणूस. चीनमधलं जे तुम्ही ऐकलंय ते बहुतेक २०१८ चं प्रकरण, ‘हे च्यानक्वे’ नावाच्या संशोधकाने जुळ्या मुलींच्या भ्रूणाची जनुकं बदलली, ते क्लोनिंग नव्हतं, जीन एडिटिंग होतं, आणि त्याला तीन वर्षं जेल झाली. चीनमध्ये क्लोन झाली ती माकडं, शांघायला, जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालं, झोंग झोंग आणि हुआ हुआ. ती गर्भातल्या पेशींपासून, २१ माद्यांच्या पोटात ७९ भ्रूणं घालून दोन. प्रौढ माकडाच्या पेशी घेऊन जेव्हा केलं तेव्हा ४२ माद्या वापरल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली. माणसाला सगळ्यात जवळचा आकडा हा आहे. आता यात माद्यांच्या जागी बायका ठेवा. ४२ बायका, त्यातल्या कित्येकींचे गर्भपात, पोटात पाणी, मोठं बाळ, सिझर, आणि हातात काही नाही. कुठली डॉक्टरीण हे हातात घेईल आणि कुठल्या तोंडाने पेशंटची सही घेईल.

तरी लोकांनी दावे केलेच. डिसेंबर २००२ मध्ये क्लोनेड नावाच्या एका पंथाच्या कंपनीने जाहीर केलं की ईव्ह नावाची क्लोन मुलगी जन्मली, आजतागायत ना मुलगी दाखवली ना डीएनए. त्याच्यापेक्षा मोठा घोटाळा कोरियाचा. ह्वांग वू-सुक, स्नपी करणारा हाच, त्याने २००४ आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं की माणसाचे क्लोन भ्रूण करून स्टेम सेल काढल्या. देशाने डोक्यावर घेतलं. मग निघालं की आकडे बनवलेले, जानेवारी २००६ मध्ये दोन्ही पेपर मागे घेतले. पण लोक बनावट आकड्यांवरच बोलतात, मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागते, ती म्हंजे यासाठी दोन हजाराहून जास्त अंडी बायकांकडून घेतली होती, काहींना पैसे देऊन, आणि देणाऱ्यांमध्ये त्याच्याच लॅबमधल्या ज्युनिअर मुली होत्या. अंडी द्यायची म्हंजे रोज हार्मोनची इंजेक्शनं आणि शेवटी भूल देऊन सुई. साहेब विचारतोय म्हटल्यावर ती मुलगी नाही कसं म्हणणार? भारतात गाईला विचारत नाही, तिथे बाईला विचारूनही न विचारल्यासारखंच.

संयुक्त राष्ट्रात मार्च २००५ मध्ये माणसाच्या क्लोनिंगविरुद्ध ठराव झाला, ८४ विरुद्ध ३४, आणि भारताने विरोधात मत दिलं, हे ऐकून लोक चमकतात. कारण ठरावात सगळ्याच प्रकारावर बंदी सुचवली होती, उपचारासाठी नुसत्या पेशी बनवण्यावरसुद्धा. मूल जन्माला घालायच्या क्लोनिंगला आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हंजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, स्टेम सेल नियमावलीत सरळ मनाई आहे. उपचाराचं म्हणाल तर अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मितालिपोव्ह या शास्त्रज्ञाच्या टीमने २०१३ मध्ये क्लोन मानवी भ्रूणातून स्टेम सेल काढल्या, हे खरंखुरं. पण तोवर जपानच्या यामानाकांनी चार जनुकं घालून साध्या कातडीच्या पेशीलाच पहिल्या पानावर आणायची युक्ती २००६ मध्ये काढलेली होती, अंडं नको, भ्रूण नको, बाई नको. डॉलीवाल्या विल्मटनेही २००७ मध्ये मानवी क्लोनिंगचा नाद सोडून तीच वाट धरली. मला वाटतं माणसाच्या क्लोनिंगचा वाद निम्मा तिथेच संपला.

राहिला प्रश्न की समजा उद्या तंत्र एकदम पक्कं झालं, एका भ्रूणात एक मूल, कुणाला त्रास नाही, तर? हिटलरची पलटण वगैरे सोडून द्या, ते सिनेमात. मला खटकतं ते घरातलं. आपल्याकडे आजोबा गेले आणि नातू झाला की आजोबाच आले म्हणतात, नाव ठेवतात, नाक बघतात, पण पोरगं मोठं होऊन त्याला हवं ते करतं आणि कुणी काही म्हणत नाही कारण सगळ्यांना माहीत असतं की ते कौतुकाचं बोलणं होतं. क्लोन मुलाच्या बाबतीत ते बोलणं उरणार नाही, ते रिपोर्टवर लिहिलेलं असेल. मेलेल्या पोराच्या जागी केलेलं पोर, त्याने गणितात कमी मार्क आणले की आधीचा किती हुशार होता, त्याने क्रिकेट सोडलं की आधीच्याला किती आवडायचं. जुळ्यांना हा जाच नसतो कारण दोघंही एकदमच वाढतात, कुणी कुणाच्या आधी जगून ठेवलेलं नसतं. ज्याला मूल हवंय त्याला आज बरेच मार्ग आहेत, दत्तक पण आहे. ज्याला तेच मूल हवंय त्याला खरंतर मूल नकोय.

तुमच्या म्हशीकडे परत येतो कारण तुमचं काम तिथे अडलंय. तिची एखादी वगार दावणीला आहे का, नसेल तर तुम्ही कुणाला विकलेली आहे का ते बघा, कारण निम्मं रक्त तिच्यात आहेच आणि तेही फुकट. तिला माजावर आल्यावर रस्त्याच्या कुठल्याही रेड्याकडे नेऊ नका, कांडी भरायला येणाऱ्याला कांडीवरचा वळूचा नंबर विचारून वहीत लिहून ठेवा आणि त्या वळूच्या आईचं दूध किती होतं ते मागा, लिंग वर्गीकृत कांडी मिळत असेल तर ती भरा म्हंजे बहुतेक रेडीच होईल. वगार किती महिन्यांची आहे आणि आईला कुठल्या रेड्याचं भरवलं होतं ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.